परिशिष्ट तीन

अडतीस गावांत तिला मोजणीबाई म्हणूनच ओळखत. पहिल्यांदा ती कुणाच्या दारात उभी राहिली की घरातल्यांना वाटायचं, जमिनीची मोजणी आली, आणि कर्ता पुरुष कागदांची पेटी उघडायला धावायचा. मग ती सांगायची, "जमीन राहू द्या तुमची तुम्हाला. मला बीपीच्या गोळ्या दाखवा." गोळ्यांची पाकिटं नाही नाही त्या जागांवरून निघायची. आरशामागच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीतून, शिवणयंत्राच्या खणातून, एकदा तर तेलाच्या रिकाम्या डब्यातून. ती जमिनीवर बसून मोजायची, किती घेतल्या, किती उरल्या, कधी संपल्या, आणि वहीत लिहायची. दोन वर्षांत तिने सहाशे बारा माणसांच्या गोळ्या मोजल्या, चपलांचे तीन जोड झिजवले आणि एका कुत्र्याचा चावा खाल्ला.

ग्रामीण आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती सतरा वर्षं होती. वय शेहेचाळीस, बोलणं थोडकं, आकड्यांवर जीव. घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी रस्त्याने चालताना मान वर करून तारा बघायची खोड गेली नव्हती.

दोन वर्षांच्या पायपिटीतून जे हाती आलं ते सांगायला एक मिनिट पुरे होतं. आरोग्य केंद्रावर बीपीच्या गोळ्या एका वेळी दहा दिवसांच्याच मिळत. बीपीचा वार मंगळवार. आणि दहा दिवस पुरे झाल्याशिवाय रजिस्टरवर नवी नोंद करायची नाही, असा नियम. म्हणजे या मंगळवारी गोळ्या नेलेल्या माणसाला पुढच्या मंगळवारी काही मिळायचं नाही, कारण सातच दिवस झालेले. त्यापुढच्या मंगळवारी जावं तर चौदा दिवस झालेले, आणि मधले चार दिवस कोरडे. अगदी घड्याळाच्या काट्यासारखा वागणारा माणूससुद्धा चौदातले चार दिवस गोळीविना राहणार हे नियमातच लिहिलेलं. बाकीच्यांचं तर बोलायलाच नको. ज्याला दोन तास चालावं लागतं, ज्याचा कामाचा दिवस बुडतो, तो आधी एक मंगळवार चुकवायचा, मग दोन, मग गोळीच सुटायची. नऊ केंद्रांपैकी आठ ठिकाणी हीच रड.

नववं केंद्र वेगळं निघालं. तिथे नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी पाच महिने बंद होता, तेव्हा तिथल्या सिस्टरने आपल्या अखत्यारीत लोकांना दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊन टाकल्या होत्या. पूल सुरू झाल्यावरही तिने ते थांबवलं नाही. आणि त्या केंद्रावर दहातले नऊ लोक एकही दिवस न चुकता गोळी घेत होते. मोजणीबाईने तिथली पाकिटं दोनदा मोजली, तिचा स्वतःवरच विश्वास बसेना.

तिला वाटलं, आता काय, सांगायचाच अवकाश. नवं औषध नको, नवी इमारत नको, माणसं नकोत. फक्त दहाच्या जागी साठ लिहायचं.

अहवाल झाला एकशे चाळीस पानांचा. तो तिने संस्थेच्या संचालकांच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला.

"उत्तम काम झालंय. पण मॅडम, आरोग्य सचिवांना एवढं वाचायला वेळ कुठला? वीस पानं करा."

तिने वीस केली. ते म्हणाले, चार. तिने चार केली. मग निरोप आला की बैठकीत अकरा विषय आहेत, प्रत्येकी एकच पान हवं. प्रत्येक वेळी काहीतरी सोडून द्यावं लागे, आणि प्रत्येक वेळी संचालकांची पेन्सिल त्या नवव्या केंद्रापाशीच येऊन थांबे.

"हे काढा."

"सर, सगळं त्याच्यातच आहे. उपाय तिथेच दिसतो."

"एक केंद्र आहे हो ते. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण एका शिताला भात म्हणून वाढता येत नाही. सचिव विचारतील, एकाच ठिकाणचं काय सांगता? परिशिष्टात आहे ना? तिथे राहू द्या."

परिशिष्टात होतं. परिशिष्ट तीन, पान एकशे एकतीस. तिथे ते राहिलं. एका पानाची शेवटी एक स्लाइड झाली आणि स्लाइडवर तीन ओळी उरल्या. पहिली ओळ होती, 'साठ टक्के रुग्ण गोळ्या नियमित घेत नाहीत.' दुसरी दहा दिवसांबद्दल, तिसरी मंगळवारबद्दल. नववं केंद्र आपण तोंडी सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. आंघोळ करताना ती ते मोठ्याने म्हणून बघायची. बाबा बाहेरून म्हणायचे, "दीड मिनिट लागलं. अजून छाट."

बैठकीचा हॉल लांबलचक होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि बटण दाबल्याशिवाय न बोलणारा माइक. तिचा विषय सहावा. पाचवा विषय मच्छरदाण्यांच्या खरेदीचा होता आणि तो जाळीच्या भोकांच्या मापावरून चाळीस मिनिटं चालला. तिची पाळी आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. संचालक कानाशी पुटपुटले, "तीन मिनिटं."

सचिव भला माणूस दिसत होता. डोळ्यांखाली काळं, आवाज मऊ. त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि खरोखर स्लाइडकडे बघितलं. पहिली ओळ वाचून त्याने मान हलवली.

"म्हणजे आपण फुकट देतोय तरी लोक गोळ्या घेत नाहीत."

"घेत नाहीत असं नाही, सर. त्यांना मिळत नाहीत. दहा दिवसांच्या गोळ्या आणि..."

"साठा कमी आहे का?" त्याने शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं.

"साठा भरपूर आहे, सर," अधिकारी म्हणाला.

"साठा आहे, सर," ती म्हणाली, "पण एका वेळी दहाच देतात. त्या दोन महिन्यांच्या दिल्या तर..."

"आणि दोन महिन्यांनी तरी घेतील याची खात्री काय?" अधिकाऱ्याने विचारलं. त्याचा प्रश्न खवचट नव्हता, त्याला खरंच शंका होती.

याच प्रश्नासाठी तर ती दीड मिनिट घोकत होती. तिने तोंड उघडलं, "एका केंद्रावर..." आणि तिच्या माइकचा लाल दिवा गेला. तिने बटण दाबलं तर दिवा अधिकाऱ्याच्या माइकचा लागला. तेवढ्यात सचिव म्हणाला, "मूळ मुद्दा सवयीचा आहे. खेड्यात आजार दिसला नाही की औषध बंद. माझे स्वतःचे काका तसेच. जनजागृती कमी पडतेय. फार महत्त्वाचं संशोधन. पुढचा विषय घ्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. संचालकांनीही डोलावली. बाहेर आल्यावर ते खुशीत होते. "फार महत्त्वाचं म्हणाले. ऐकलंत ना?"

घरी येऊन तिने पर्स टेबलावर आपटली. एरवी ती कुठली वस्तू आपटत नसे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडेही असंच," ते म्हणाले. "खालून कळवायचं, तार तुटलीय. मधला लिहायचा, ग्राहकाला ऐकू येत नाही. वरून हुकूम यायचा, ग्राहकाचे कान तपासून घ्या."

"बाबा, हसण्यावारी नेऊ नका."

"मी कुठे हसतोय? तीस वर्षं मी खांबावर चढून लोकांचे कान तपासले."

इतिवृत्त बारा दिवसांनी हातात पडलं. विषय सहापुढे लिहिलं होतं: 'रुग्ण गोळ्या नियमित घेत नाहीत असे संशोधनाअंती आढळले. जनजागृती करावी. तसेच रुग्णाने मागील गोळ्या घेतल्याची खात्री करूनच पुढील द्याव्यात.' तिने दुरुस्तीचं पत्र लिहिलं, दोन पानी, शांतपणे, तक्ता जोडून. उत्तर आलं की दुरुस्त्या बैठकीपासून सात दिवसांत सुचवायच्या असतात. तिने फोन करून विचारलं, इतिवृत्तच बारा दिवसांनी मिळालं तर सात दिवसांत दुरुस्ती कशी सुचवायची? पलीकडची बाई समजुतीने म्हणाली, "मॅडम, हे सगळेच विचारतात."

दोन महिन्यांनी पोस्टर निघालं. त्यावर एक गजराचं घड्याळ होतं, हातपाय असलेली एक हसरी गोळी होती, आणि मोठ्या अक्षरांत ओळ होती: 'गोळी चुकवाल, तर आयुष्याला मुकाल.' खाली संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह. संचालकांनी ते फ्रेम करून जिन्यात लावलं. आपल्या संशोधनाचा धोरणात थेट उपयोग झाला, असं वार्षिक अहवालात फोटोसह छापलं. तिला जिन्याने जाता येता ती गोळी हसत असलेली दिसे, म्हणून ती मागच्या दाराने यायला लागली.

संशोधनाचे निष्कर्ष प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपर्यंतही पोचवायचे, असं संस्थेच्या कराराच्या कागदातच होतं. त्यासाठी तिला नऊही केंद्रांवर जायचं होतं. तिने सुरुवात नवव्या केंद्रापासून केली. निदान तिथे तरी आपलं म्हणणं समजेल, असं तिला वाटलं.

तिथली सिस्टर बावन्न वर्षांची, उंच, कामात चपळ. मोजणीच्या दिवसांत ती हिला ताई म्हणायची, दुपारी आपल्या डब्यातलं अर्धं काढून द्यायची. त्या मंगळवारी मोजणीबाई आत शिरली तेव्हा सिस्टर केसपेपर लावत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "या मॅडम. बसा." आणि पुन्हा मान खाली घातली. भिंतीवर ती हसरी गोळी होती.

खिडकीपाशी विहिरी खोदणारा एक म्हातारा उभा होता. अहवालात त्याच्या गोळ्या साठपैकी साठ घेतलेल्या होत्या, मोजणीबाईला तो चांगला आठवत होता. सिस्टर त्याला सांगत होती, "काका, रिकामं पाकीट आणल्याशिवाय नाही देता येत. नवा नियम आहे."

"पाकीट टाकलं मी. त्याचं काय लोणचं घालू?"

"पुढच्या वेळी ठेवा जपून. आज नाही देता यायच्या."

म्हाताऱ्याने मोजणीबाईला ओळखलं. "बाई, तुम्ही मोजलंत तेव्हा दोन महिन्यांच्या मिळत होत्या. आता दहा, त्यापण पाकीट दाखवून. तुमच्या मोजणीत काही चुकलं का?" त्याने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तो उत्तराची वाट बघत थांबला. मग काठी उचलून निघून गेला.

लोक पांगल्यावर सिस्टरने खणातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. कारणे दाखवा नोटीस होती. विहित मर्यादेपेक्षा जास्त औषधवाटप, स्वतःच्या अखत्यारीत, सुमारे दीड वर्ष. खुलासा तीस दिवसांत. आणि वर संदर्भ म्हणून लिहिलं होतं: संस्थेचा अहवाल, परिशिष्ट तीन, पान एकशे एकतीस.

मोजणीबाईने नोटीस पुन्हा वाचली. "मी तुमचं नाव कुठेच लिहिलं नाही. केंद्राचंही नाही. नुसतं 'केंद्र क' लिहिलंय."

"हो. आणि पुढे लिहिलंय, नदीवरचा पूल पाच महिने बंद असल्याने." सिस्टरचा आवाज चढला नाही. "मॅडम, या भागात पूल आहेत किती? एक."

ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या का दिल्या याचं कारण द्यायला हवं म्हणून, शास्त्रशुद्ध असावं म्हणून.

"अकरा वर्षं मी मासिक बैठकीत सांगतेय, दहा दिवसांनी भागत नाही," सिस्टर म्हणाली. "कुणी ऐकलं नाही, पण कुणी अडवलंही नाही. मी गप देत होते, लोक गप घेत होते. तुम्ही आलात, म्हटलं, शिकलेली बाई आहे, हिचं ऐकतील. म्हणून सगळं दाखवलं तुम्हाला. सत्तावीस वर्षं नोकरीत एक डाग नव्हता."

मोजणीबाई माफी मागायला लागली तर सिस्टर म्हणाली, "ते राहू द्या. माझा डबा आज लहान आहे, तुमच्या जेवणाचं बघा काहीतरी." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते ती आजवर नुसतं वापरायची. आज ते आपल्या हातून घडलेलं बघत ती बसस्टॉपवर दोन तास बसली. भूक मेली होती.

तिच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. सचिवाने एक स्लाइड वाचली, संचालकांनी फार तर वीस पानं. मग एकशे एकतिसाव्या पानापर्यंत पोचलं कोण?

नोटिशीच्या कोपऱ्यात शाखेचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती तिथे गेली. तिसऱ्या मजल्यावर, टोकाची खोली. लोखंडी कपाटांच्या दोन रांगांमध्ये एक बुटका, टक्कल पडलेला कारकून बसला होता, कानावर पेन्सिल. तिने ओळख सांगितली तशी तो चक्क उठून उभा राहिला.

"तुम्ही त्या होय? बसा, बसा. सत्त्याऐंशी पानावरची बेरीज चुकली आहे तुमची. दोनशे अठ्ठेचाळीस हवी, दोनशे एकोणपन्नास पडली आहे."

त्याने खालच्या खणातून अहवाल काढला. पानापानावर पेन्सिलच्या बारीक खुणा. कोपरे वापरून मऊ झालेले. दोन वर्षांचं तिचं काम अख्ख्या खात्यात एकाच माणसाने वाचलं होतं, आणि तो हा.

"तुम्ही पूर्ण वाचलात?" तिला रागवायचं होतं, पण आवाज भलताच निघाला.

"दोनदा. फार छान आहे. तो चौदातल्या चार दिवसांचा हिशेब वाचून तर मी घरी मिसेसला सांगितलं."

"मग त्या सिस्टरला नोटीस काढलीत कशी?"

कारकुनाने पेन्सिल कानावरून काढून टेबलावर ठेवली. "बाई, मला इथे अनियमितता शोधायला बसवलंय. त्यांचं चुकलं असं मी कुठे म्हटलं? परवानगी नव्हती एवढंच. ते दिसल्यावर मी न कळवावं तर उद्या माझी नोटीस."

"तो दहा दिवसांचा नियम किती मूर्खपणाचा आहे हे वाचूनही?"

"मूर्खपणाचा नव्हता तो," कारकून जरा दुखावून म्हणाला. मागच्या कपाटातून त्याने एक पिवळट फाइल काढली, आणि बोट न चुकता पानावर गेलं. परिपत्रक एकतीस वर्षांपूर्वीचं. त्या काळी गोळ्या मोठ्या डब्यातून सुट्या यायच्या, कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या. दमट हवेत दहा दिवसांत त्यांचा चिखल व्हायचा. म्हणून दहा दिवस. पुढे बंद पाकिटं आली, डबे गेले, नियम राहिला.

"आणि हे बघा कलम चार," तो म्हणाला.

तिने वाचलं. 'वैद्यकीय अधिकाऱ्याने केसपेपरवर तसे लिहिल्यास नव्वद दिवसांपर्यंतचे औषध देता येईल.'

तिने ते तीनदा वाचलं. "म्हणजे हे आधीपासूनच चालतं?"

"चालतं ना."

"हे तुम्ही वर कळवलंत का?"

"मला कुणी विचारलं नाही."

"अहो, पण..."

"वर कळवायला विषय वरून खाली यावा लागतो," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर ना लाज होती ना गर्व. "तुम्हाला प्रत हवी असेल तर अर्ज करा. शिक्का मारून देतो."

तिने तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. घाईत सही वेगळीच आली. कारकुनाने ती बारकाईने बघितली आणि अर्ज ठेवून घेतला.

पुढच्या मंगळवारी ती शिक्क्याची प्रत घेऊन नवव्या केंद्रावर गेली. डॉक्टर त्या दिवशी होते. तीन केंद्रांचा भार एकट्यावर असलेला तरुण माणूस, घाईत, बुटांना चिखल. त्यांनी कलम चार वाचलं आणि कागद परत केला.

"मला हे कुणी कळवलेलं नाही अधिकृतपणे."

"मी कळवतेय, डॉक्टर."

"तुम्ही संशोधक. उद्या कुणी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम खाल्ल्या तर लिहिणारा मी असेन."

"सहाशे बारा माणसं मोजली मी. असं एकानेही केलं नाही."

"सहाशे तेरावा करेल."

सिस्टर इतका वेळ रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळत होती. ती म्हणाली, "डॉक्टर, दीड वर्ष मी माझ्या सहीवर दिल्या, आणि माझ्या सहीला तर कायद्यात काही किंमत नाही. तुमच्या सहीला आहे. मग अडतंय कुठे?"

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. मग खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी त्यांनी चौतीस केसपेपरवर 'साठ दिवस' असं लिहून सही केली. विसाव्या कागदानंतर मनगट झटकत म्हणाले, "याचा शिक्का का करत नाही कुणी?" त्या चौतीस जणांत तो विहिरी खोदणारा म्हातारा नव्हता. मागच्या मंगळवारची चक्कर फुकट गेल्यावर तो पुन्हा आलाच नव्हता. निरोप धाडून त्याला बोलवायला तीन आठवडे गेले.

सिस्टरच्या खुलाशाचा मसुदा मोजणीबाईने लिहून दिला. निकाल यायला दीड महिना लागला. 'खुलासा मान्य. तथापि यापुढे पूर्वपरवानगी घ्यावी, अशी समज देण्यात येत आहे.' ही समज सेवापुस्तकात चिकटली ती चिकटलीच. सिस्टरने फोनवर ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, "असो मॅडम. सुटले म्हणायचं."

मग तिने संचालकांना गाठलं. कलम चार सगळ्या केंद्रांना कळवूया, एक पानाचं पत्र, बस्स. संचालकांनी प्रत वाचली, चष्मा काढला.

"तुमचं बरोबर आहे. पण आत्ता पोस्टरची मोहीम चालू आहे, त्यावर आपलं नाव आहे. आपणच इतक्यात उलटं कसं बोलायचं? वर्ष संपू द्या."

"सर, हे उलटं नाही. हेच आपण पहिल्यापासून म्हणत होतो."

"आपण काय म्हणत होतो ते इतिवृत्तात वेगळं आहे ना," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच चहा मागवला. ती चहा न पिता उठली. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

उरलेल्या रजा टाकून ती एकटीच बाकीच्या आठ केंद्रांवर हिंडली. तीन ठिकाणी डॉक्टरांनी लिहायला सुरुवात केली. चार ठिकाणी उत्तर मिळालं, वरून पत्र येऊ द्या. आठवं केंद्र सगळ्यांत लांबचं. तिथल्या सिस्टरने परिपत्रक वाचलं, पुन्हा वाचलं आणि शांतपणे विचारलं, "आमच्याकडे डॉक्टरची जागा वर्षभर रिकामी आहे. कुणी लिहायचं?"

हा प्रश्न घेऊन ती जिल्ह्याच्या कचेरीत गेली. तिथला लिपिक म्हणाला की जागा रिकामी असल्याचं केंद्राकडून कळवलं पाहिजे, आणि अशा पत्रावर वैद्यकीय अधिकाऱ्याची सही लागते. तिला वाटलं तो थट्टा करतोय. तो करत नव्हता. त्याने छापील नमुना काढून सहीची जागा दाखवली.

शेवटी तिने नवव्या केंद्राच्या डॉक्टरांचेच पाय धरले. आठव्या केंद्रावर एक मंगळवार, फक्त एक. ते कुरकुरत तयार झाले, कारण तोपर्यंत त्यांच्या केंद्रावरची गर्दी निम्म्याने घटली होती आणि हे त्यांना कुणी न सांगता कळलं होतं. ठरल्या दिवशी एकवीस माणसं सकाळपासून बसून होती. डॉक्टरांची गाडी वाटेत बंद पडली. ते पोचले तेव्हा दोन वाजले होते आणि ओसरीवर तेरा जणच उरले होते. आठ जण उठून गेले होते. कुणाला शेवटची गाडी गाठायची होती, कुणाचं घरी तान्हं होतं, कुणी नुसतंच कंटाळून. डॉक्टरांनी तेरा जणांना तपासून तेरा केसपेपर लिहिले आणि आल्या पावली निघून गेले.

तिथली सिस्टर उरलेले आठ केसपेपर वेगळे काढून दोरीने बांधत होती. मोजणीबाई बाहेर पायरीवर येऊन बसली. तिला आरडाओरडा करावासा वाटत होता, पण कुणाच्या नावाने करायचा ते कळेना. सचिव भला माणूस होता. संचालक वाईट नव्हते. कारकुनाने तर अहवाल दोनदा वाचला होता. परिपत्रक काढणाऱ्याने एकतीस वर्षांपूर्वी नीट विचार करून कलम चार लिहिलं होतं. गाडीसुद्धा कुणी मुद्दाम बंद पाडली नव्हती.

आतून सिस्टरने विचारलं, "मॅडम, ते डॉक्टर परत कधी येतील?"

"माहीत नाही," ती म्हणाली. मग उठली, पदराने घाम टिपला आणि आत जाऊन त्या आठ जणांची नावं आणि गावं वहीत उतरवून घेऊ लागली.